मदत हवी आहे: सकाळच्या शिंकांवर घरगुती उपाय?

नमस्कार मंडळी, नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. पाऊस सरला की सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, नाक गळतं, डोळे चोळून चोळून लाल. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत माजलंय, माझा संशय त्याच्यावरच. सेटिरिझिनने (अ‍ॅलर्जीची गोळी) थांबतं, पण ऑफिसात पेंग येते. आईचा हळद-दुधाचा मारा चालू आहे. फरक शून्य (तिला सांगू नका). चादरी ६० अंशाच्या पाण्यात धुतल्यावर मात्र रात्री जरा बरं वाटलं.

आता जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) करायची म्हणतोय. पाणी उकळून गार केलेलंच घ्यायचं, एवढं माहीत आहे. मीठ किती घालता? रोज केली तर चालते का? आणि नाशकात अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी कुणी करून घेतलीय का, खर्च साधारण किती आला?