महिन्यातून एक तास, आणि वर म्हणायचं मूल आईला विसरलं

सायंतारा:
काल एका ओळखीच्या बाईंसोबत भेटीच्या खोलीपर्यंत गेले होते. त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा आठ महिन्यांपासून फॉस्टर कुटुंबाकडे, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरी, आहे. त्यांनी हौसेने बूट नेले होते, ते त्याला होईनात. त्या खाली बसून टाच आत ढकलत होत्या, तो "दुखतंय" म्हणत होता, आणि कोपऱ्यात वही घेऊन देखरेखीला बसलेल्या मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. काय लिहिलं असेल? आईला मुलाच्या पायाचं माप माहीत नाही? महिन्यातून एक तास भेटणाऱ्या बाईला ते कळणार कुठून?

मुलाला घरातून हलवायला हवं होतं का, हा वाद इथे नको. घरात मारहाण होती, ते त्याही नाकारत नाहीत. मारणारा आता त्या घरात राहत नाही. पण कागदावर "मूल आईकडे परत देणे" हेच उद्दिष्ट लिहिलंय, तर तासाचे दोन तास, महिन्याचा आठवडा असं व्हायला नको? बालहक्कांचा १९८९ चा आंतरराष्ट्रीय करार तर कलम ९ मध्ये सरळ सांगतो की आईवडिलांपासून वेगळं केलेल्या मुलाला त्यांना नियमित, प्रत्यक्ष भेटण्याचा हक्क आहे. मुलाचा हक्क, आईवर केलेली मेहेरबानी नव्हे.

अडगळीतली छत्री:
ताई, त्याच कलमाचं शेपूट तुम्ही गाळलंत: "मुलाच्या हिताविरुद्ध नसेल तर". सगळी मारामारी त्या शेपटावरच आहे.

मी नऊ वर्षं फॉस्टर आई होते. तुम्ही बुटांचं सांगितलंत म्हणून मीही बुटांचंच सांगते. सहा वर्षांचा एक मुलगा होता. भेट दुपारची, हा सकाळी सातपासून बूट घालून दाराशी. आई यायची नाही. फोन नाही, निरोप नाही. बूट काढ म्हणून त्याला सांगायचं काम माझं. त्या रात्री अंथरूण ओलं, पुढचे तीन दिवस शाळेत मारामाऱ्या. अशा भेटी महिन्याला एकाच्या चार केल्या असत्या तर काय झालं असतं, सांगा.

रोखठोक:
ज्यांना मूल सांभाळता आलं नाही त्यांना भेटी कसल्या मागायच्या? विषय संपला.

सायंतारा:
@रोखठोक, मग तुमचा इथला मुक्कामही संपला असं समजते.

@छत्री, न येणाऱ्या आईच्या भेटी वाढवा असं मी म्हणत नाहीये. पण "भेटीनंतर मूल बिघडतं" हे वाक्य जुनं आहे हो. पूर्वी मोठ्या आजारासाठी मुलांना रुग्णालयात ठेवत, तेव्हा आईला आठवड्यातून मोजून थोडा वेळ आत सोडत. कारण काय, तर आई गेली की मूल रडतं, आली नाही तर शहाण्यासारखं पडून राहतं. ब्रिटनमध्ये मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस चित्रित केले. ते शहाणपण नसून मुलाने आशा सोडलेली असते, हे त्यांनी दाखवून दिलं. रुग्णालयातल्या मुलांच्या प्रश्नावर नेमलेल्या १९५९ च्या प्लॅट समितीने मग भेटीच्या वेळेवरची बंधनं काढायला सांगितलं. रडणं हे नातं जिवंत असल्याचंही लक्षण असतं.

अडगळीतली छत्री:
उदाहरण चांगलं आहे, लागू नाही. त्या मुलीला दुखणं आईने दिलं नव्हतं. मार खाल्लेलं मूल रडतं ते आई गेली म्हणून की आली म्हणून, हे कोपऱ्यातल्या वहीलासुद्धा कळत नाही. मला पुष्कळदा कळलेलं नाही.

कलमकसाई:
कायद्याच्या बाजूने थोडं. नॉर्वेच्या एका प्रकरणात आईला वर्षातून चार भेटी होत्या, प्रत्येकी दोन तासांच्या. पुढे मूल फॉस्टर आईवडिलांना दत्तक गेलं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सप्टेंबर २०१९ मध्ये १३ विरुद्ध ४ मतांनी हे कौटुंबिक जीवनाच्या हक्काचं उल्लंघन ठरवलं. इतक्या तुटपुंज्या भेटींवरून आईच्या क्षमतेबद्दल फारसा पुरावा मिळू शकत नव्हता, हा त्यातला कळीचा मुद्दा. थोडक्यात, परीक्षेला बसू द्यायचं नाही आणि नापास म्हणायचं, असं चालणार नाही.

अमेरिकेत तर घड्याळही लावलेलं आहे. १९९७ च्या कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टरमध्ये असेल, तर काही अपवाद सोडून सरकारी यंत्रणेला आईवडिलांचं पालकत्व संपवण्याचा अर्ज करावा लागतो. महिन्याला एक भेट धरली तर पंधरा भेटी. वर सांगितलेला बालहक्क करार त्या देशाने अजून स्वीकारलेला नाही, हे जाता जाता.

रात्रपाळी:
न येणाऱ्यांबद्दल एक. माझी भेट मंगळवारी सकाळी अकराला ठेवली होती. रात्रभर काम करून दोन बस बदलून पोचायचो. दोनदा उशीर झाला, दोन्ही वेळा खोली बंद. नोंद काय, तर "वडील गैरहजर". शनिवार मागितला, तर त्या दिवशी देखरेखीला माणूस नसतो म्हणाले. छत्रीताई, तुमच्या त्या आईला कोणी विचारलं होतं का, कधी जमेल म्हणून?

अडगळीतली छत्री:
नाही. मी तरी नव्हतं विचारलं.

मधला मुलगा:
मी नऊ ते सतरा बालगृहात होतो. तुम्ही सगळे आईबापांवर भांडताय. मला आईला भेटायचं नव्हतं, स्पष्ट सांगितलं होतं, तरी नेऊन बसवायचे. ती रडायची, मी भिंतीवरचं घड्याळ बघायचो. मला धाकट्या भावाला भेटायचं होतं. तो दुसऱ्या घरी होता. त्याच्या भेटीसाठी फॉर्मच नाही म्हणाले. आता आम्ही दोघं बोलतो, पण पाहुण्यांसारखं.

सायंतारा:
@मधला मुलगा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भावंडांच्या भेटी माझ्या मागणीत सगळ्यात आधी लिहायला हव्या होत्या. मूल नको म्हणत असेल तर बळजबरीने बसवणं मलाही मान्य नाही. पण साडेतीन वर्षांचं मूल "हवं" तरी कोणत्या शब्दांत सांगणार? म्हणून लहानांसाठी माझा आग्रह तोच: भेट थोड्या वेळाची चालेल, पण वरचेवर हवी. आणि कमी करायची असेल तर कारण लेखी द्या.

अडगळीतली छत्री:
लेखी कारणाला माझी हरकत नाही. सरसकट वाढवायला आहे, आणि राहील.

तुमच्या त्या बाईंना एक सांगा. फॉस्टर घरी निरोप पाठवून पायाचं माप मागवा म्हणावं. आम्ही कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचो आणि घडी करून पाकिटात घालून द्यायचो. त्याला कुणाची परवानगी लागत नसे.