मदत हवी आहे : जुन्या गाण्यांच्या विनोदी नाटकासाठी ऑडिशन कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरातले हौशी कलाकार १९७०-८० च्या काळातल्या लोकप्रिय गाण्यांवर बेतलेलं दोन अंकी विनोदी नाटक बसवतोय. गोष्ट गिरणी कामगारांच्या चाळीतली. आठ पात्रं हवीत, ऑडिशन पुढच्या रविवारी.

मागच्या वेळी आम्ही कराओके ट्रॅकवर गाणी ऐकली. ट्रॅक मूळ पट्टीत, आणि ती न झेपल्यामुळे एका मुलीला नाही म्हटलं. तीच मुलगी नंतर पेटीवर दोन सूर खाली इतकी सुरेख गायली की मला रात्रभर चुटपुट लागली. म्हणून यंदा पेटी-तबलाच ठेवणार. पण युगुलगीतांत त्याची आणि तिची पट्टी जमत नाही तेव्हा तुम्ही काय करता? मध्येच पट्टी बदलता का?

दुसरं, गाणारे खांबासारखे उभे राहतात आणि हशा वसूल करणारे बेसूर होतात. माझ्या मते टायमिंग शिकवता येत नाही, सूर तालमीत थोडाफार सुधारतो. आमचे संगीतवाले काका नेमकं उलट म्हणतात. आधी संवाद वाचून घ्यावेत की गाणं ऐकावं?

शहराच्या पूर्व भागातली तेलुगू घरांतली मुलंही येणार आहेत. त्यांचा हेल मला हवाच आहे, चाळ सोलापूरची आहे!

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) पाठवणार आहोत. गाण्यांसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना घ्यावा लागेल, पण नाटकात गाणी वापरायला तेवढा पुरतो का? ज्यांनी असा प्रयोग केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.