सोलर स्टँडचे बोल्ट: फास्टनर, केमिकल की दोन्ही एकाच होलात?

सेक्रेटरी (ए-२०१): नमस्कार मंडळी. टेरेसवरच्या सोलरचं काम ठरल्याप्रमाणे पुढे सरकतंय. ४० पॅनल, २० पाय, प्रत्येक पायाखाली आधीच ओतलेलं ३०० × ३०० चं, ४५० मिमी उंच पेडेस्टल (काँक्रीटचा ठोकळा). पायाच्या बेस प्लेटला चार होल, एम १२ चे (१२ मिमी जाडीचे) बोल्ट. ठेकेदार म्हणतोय, होलमध्ये आधी केमिकल (बोल्ट काँक्रीटला चिकटवणारा गोंद) भरतो आणि मग त्यातच अँकर फास्टनर (आत फुगून धरणारा बोल्ट) ठोकतो, म्हणजे डबल मजबुती. प्रत्येक बोल्टमागे जास्तीचे पैसे मागतोय. जाणकारांनी मत द्यावं.

बी-५०३: सेक्रेटरी साहेब, याला अजिबात हो म्हणू नका. पैसे जास्त जातील आणि बोल्ट उलट कमजोर होईल.

फास्टनर कसा धरतो ते बघा. बोल्टच्या खालच्या टोकाला शंकूसारखा भाग असतो आणि त्यावर पत्र्याची क्लिप. नट आवळला की बोल्ट किंचित वर ओढला जातो, शंकू क्लिपमध्ये घुसतो, क्लिप फुगते आणि होलच्या भिंतीला घट्ट चावते. हा सगळा खेळ कोरड्या, खरबरीत भिंतीवरच्या घर्षणाचा आहे. तिथे ओलं केमिकल असेल तर क्लिप चावण्याऐवजी सरकते. पाना फिरवत राहिलं तरी नट ताठ बसत नाही, बोल्ट वर येत राहतो. मग मिस्त्री तसाच सोडतो, कारण थोड्या वेळाने केमिकल कडक झालं की हाताला सगळं घट्टच लागतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काँक्रीटला पुढे-मागे बारीक तडा गेला की होल किंचित मोठं होतं. चांगला फास्टनर अशा वेळी अर्धा-एक मिमी सरकून पुन्हा फुगतो आणि पकड घेतो. शंकू आणि क्लिप केमिकलने एकमेकांना चिकटवून टाकली की ती सोयच संपली.

सी-१०४: काकांशी सहमत. त्यात होलच्या मापाचाही घोळ आहे. एम १२ च्या वेज, म्हणजे या क्लिपवाल्या फास्टनरला होल १२ मिमीचंच पाडतात, म्हणजे बोल्ट आणि भिंत यांच्यात केमिकलला जागाच नाही. ठोकताना ते सगळं वर येऊन प्लेटवर सांडतं. केमिकलच्या एम १२ रॉडला होल लागतं १४ मिमीचं, म्हणजे चहूबाजूंनी एकेक मिमी. १४ च्या होलात १२ चा फास्टनर टाकला तर क्लिप नीट चावणार नाही, आणि १२ च्या होलात केमिकलचा थरच होणार नाही. मधला मार्ग नाही. चार पाकळ्यांच्या शेलचा रॉल बोल्ट असेल तर अजून वाईट, कारण केमिकल शेलच्या आत शिरतं आणि खालचा शंकू वर ओढलाच जात नाही.

ए-६०२: पण ताई, समजा दोन्ही नीट बसले, तर एकाची ताकद अधिक दुसऱ्याची ताकद असं होणार नाही का? साधा तर्क आहे.

बी-५०३: प्रश्न रास्त आहे, पण तसं होत नाही. याची दोन कारणं.

एक म्हणजे दोघांचा ताठपणा वेगळा. केमिकलचा बोल्ट जवळजवळ न हलता भार घेतो, फास्टनर आधी थोडा सरकतो आणि मग घेतो. त्यामुळे सुरुवातीचा सगळा भार केमिकलवर येतो. ते सुटलं की फास्टनरवर झटका बसतो. दोघं एकाच वेळी खांद्याला खांदा लावत नाहीत. म्हणूनच एका बेस प्लेटखाली दोन फास्टनर आणि दोन केमिकलचे बोल्ट असं मिश्रणही डिझाइनमध्ये धरत नाहीत. एका प्लेटला सगळे बोल्ट एकाच प्रकारचे, एकाच मापाचे आणि एकाच खोलीचे.

दुसरं, बऱ्याचदा तुटतं ते काँक्रीट. बोल्ट जोरात ओढला तर त्याच्याबरोबर काँक्रीटचा शंकूच्या आकाराचा तुकडा निघून येतो. तो किती भार घेईल हे खोलीच्या दीड घातावर ठरतं. एम २० ग्रेडचं काँक्रीट, तडा नाही, कड लांब आहे असं धरलं तर ६० मिमी खोलीला अंदाजे २० किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो), ९० मिमीला ३७-३८, आणि ११० मिमीला ५० च्या आसपास. हे तुटण्याच्या पातळीचे आकडे आहेत, वापरायचे नव्हेत. पण यात बोल्ट चिकटवलाय की फुगवलाय याने फारसा फरक पडत नाही. ६० मिमीच्या होलात दोन्ही पद्धती कोंबल्या तरी तुकडा ६० मिमीचाच निघणार. त्यापेक्षा होल ३० मिमी जास्त खोल पाडा, ताकद पावणेदोनपटीच्या वर जाते.

सेक्रेटरी (ए-२०१): म्हणजे खोली वाढवा, पद्धत एकच ठेवा. मग कुठली?

सी-१०४: आपल्या पेडेस्टलला केमिकल. कारण कड. प्लेटचे होल १४० मिमी अंतरावर आहेत, म्हणजे पेडेस्टलच्या कडेपासून बोल्ट फक्त ८० मिमीवर. फास्टनर फुगताना काँक्रीटला आतून बाहेर ढकलतो. असे चार एका छोट्या चौकोनी ठोकळ्यात ठोकले तर कोपरा उडतो, किंवा केसासारखी चीर पडते आणि दोन पावसाळ्यांनी आतली सळई गंजल्यावर दिसते. केमिकलमध्ये तो आतला ताण नसतो.

चारही बोल्टभोवतीचे काँक्रीटचे शंकू एकमेकांत शिरतात, त्यामुळे ताकद एकाच्या चौपट धरायची नाही, हेही ठेकेदाराला सांगा.

माप असं घ्या: एम १२ थ्रेडेड रॉड, ग्रेड ५.८ चालेल, पण हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड. साधं पिवळं किंवा चकचकीत झिंक प्लेटिंग उघड्यावर टिकत नाही. होल १४ मिमी, खोली ११० मिमी. हॅमर ड्रिलनेच पाडायचं. कोअर कटिंगच्या मशीनने नको, त्याने भिंत गुळगुळीत होते आणि केमिकलला धरायला खडबडीतपणा उरत नाही.

ए-४०४: आणि दोन्ही एकत्र असलेले तयार बोल्ट येतात ना बाजारात? कुठेतरी वाचलं होतं.

बी-५०३: येतात, आणि ते खरोखर चांगले आहेत. हिल्टीचा एचआयटी-झेड, फिशरचा हायबॉण्ड. पण त्यात क्लिप नसते. रॉडच्या खालच्या भागावर एकावर एक शंकू कोरलेले असतात. केमिकल पूर्ण कडक झाल्यावर ठरलेला टॉर्क (पान्याने आवळण्याचा जोर) दिला की ते शंकू कडक झालेल्या केमिकलमध्ये वर ओढले जातात आणि त्यालाच भिंतीवर दाबतात. म्हणजे फुगण्याचं काम केमिकलचा थर करतो. तडा रुंदावला तरी तो पुन्हा दाब घेतो. यात रॉड आणि केमिकल ही एकत्र तपासलेली जोडी असते. एका कंपनीचा रॉड आणि दुसरीचं केमिकल चालत नाही. आपल्या भाराला त्याची गरज नाही, त्यावर पैसे घालू नका.

भार काढून दाखवतो. पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे ३९ मीटर प्रति सेकंद. दाब ०.६ × ३९ × ३९, म्हणजे ९१२ न्यूटन, चौरस मीटरला साधारण ९३ किलो. एका पायावर दोन पॅनल, ५.२ चौ.मी. म्हणजे ढोबळ ४८० किलो उचल. इमारतीची उंची आणि पॅनलचा झुकाव यांचे गुणक लावून नेमका आकडा कन्सल्टंट देईल. चार बोल्टांत वाटला तर प्रत्येकी १२० किलो. नीट बसवलेला ११० मिमीचा एम १२ हा भार सहज घेतो.

माझी खरी काळजी पेडेस्टलची आहे. त्याचं वजन ०.३ × ०.३ × ०.४५ × २४०० म्हणजे ९७ किलो. ते स्लॅबला सळयांनी बांधलेलं आहे, की नुसतं कोब्यावर (स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थरावर) ओतलंय? नुसतं ठेवलेलं असेल तर बोल्ट कितीही मजबूत लावा, वारा पेडेस्टलसकट स्टँड उचलेल.

सेक्रेटरी (ए-२०१): काका, हे कुणी विचारलंच नव्हतं. ड्रॉइंग नाहीये. कसं तपासायचं?

बी-५०३: एका पेडेस्टलच्या पायथ्याशी, कोपऱ्यात, कोबा आणि ठोकळा यांच्या सांध्यावर छिन्नीने १०० मिमी रुंद खाच घ्या. उभी १० किंवा १२ ची सळई कोब्यातून खाली स्लॅबमध्ये जाताना दिसली पाहिजे. दिसली नाही तर आधी रिबारिंग (स्लॅबमध्ये होल पाडून केमिकलने सळया बसवणं), मग सोलर. आपला स्लॅब १२५ चा असेल तर ८०-९० मिमीच्या वर होल नको, नाहीतर खालच्या फ्लॅटच्या छताचं प्लास्टर उडेल. म्हणून शक्यतो बीमवर घ्या, तिथे खोली मिळते.

ए-६०२: मग थेट टेरेसच्या फरशीतून बोल्ट मारू नका, हेही लिहून द्या. समोरच्या विंगला तेच झालंय.

सी-१०४: हो. वर १०० मिमीचा ब्रिकबॅट कोबा आहे. ११० चं होल पाडलं तर १०० मिमी विटांच्या तुकड्यांत आणि जेमतेम १० मिमी आरसीसीत. वर वॉटरप्रूफिंग फुटलं ते वेगळंच.

आता केमिकलची पद्धत लिहिते, साइटवर हेच समोर उभं राहून बघायचंय.

होल झालं की पंपाने तळापासून दोनदा फुंकर, मग त्याच मापाचा तारेचा ब्रश दोनदा तळापर्यंत फिरवत आत-बाहेर, मग पुन्हा दोनदा फुंकर. कंपनीच्या पत्रकात यापेक्षा जास्त असेल तर तेवढं. शेवटच्या फुंकरीला धुळीचा ढग यायला नको. मग तारेला काळं फडकं गुंडाळून भिंतीला घासा. फडक्यावर पिठासारखी पांढरी पूड दिसली तर पुन्हा ब्रश. ही पूड राहिली तर केमिकल काँक्रीटला न चिकटता पुडीला चिकटतं आणि पकड निम्म्यावर येऊ शकते. तोंडाने फुंकणारे आणि पाणी मारून धुणारे दोघांनाही थांबवा.

कार्ट्रिजला नवीन नोझल लावल्यावर पहिले तीन दाब बाहेर टाका. सुरुवातीला दोन रंगांचे पट्टे येतात, एकसारखा रंग आल्याशिवाय होलात जायचं नाही. नोझल तळाला टेकवून भरत-भरत मागे ओढा, दोन-तृतीयांश होल भरेपर्यंत. वरून ओतलं की तळाला हवा अडकते. हिशोब: १४ × ११० च्या होलाला सुमारे ११ मिली. ८० होलांना ८८० मिली, वाया जाणारं धरून ३०० मिलीच्या किमान ४ कार्ट्रिज लागतील. ठेकेदाराने २ आणल्या तर होल अर्धवट भरणार हे तिथेच कळेल.

रॉड हाताने फिरवत-फिरवत तळापर्यंत. हातोडा नाही. तोंडाशी चहूबाजूंनी केमिकलची कडी वर आली पाहिजे. आली नाही तर रॉड बाहेर काढा, अजून भरा. नंतर हात लावायचा नाही. व्हिनिलएस्टर प्रकारचं केमिकल ३० अंशाला अर्ध्या-पाऊण तासात कडक होतं, शुद्ध इपॉक्सीला काही तास लागतात. तापमान काँक्रीटचं बघायचं, हवेचं नाही. दुपारी तापलेल्या टेरेसवर केमिकल दोन-तीन मिनिटांत नोझलमध्येच घट्ट व्हायला लागतं, म्हणून काम सकाळी ७ ते १० आणि कार्ट्रिज सावलीत.

नट टॉर्क पान्यानेच, एम १२ ला ४० न्यूटन-मीटरच्या वर नाही. फास्टनरला ५०-६० देतात, त्याच सवयीने आवळलं तर चिकटलेला बोल्ट सुटतो.

बी-३०१: मग सगळीकडे केमिकलच वापरावं का? पार्किंगच्या छताला फायरची पाइपलाइन पुन्हा टांगायची आहे.

बी-५०३: नाही, तिथे उलट. छतातून सतत खाली ओढणारा भार असेल तर काही केमिकल वर्षानुवर्षं हळूहळू ताणत जातात. बोस्टनच्या बोगद्यात १० जुलै २००६ ला छताच्या काँक्रीटच्या पाट्या गाडीवर पडून एक बाई गेली. चौकशीत कारण निघालं ते कायमच्या भाराखाली सरकत जाणारं, झटपट कडक होणारं इपॉक्सी. जपानच्या सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ ला छत कोसळून ९ जण दगावले, तिथेही छताचे बोल्ट चिकटवलेलेच होते. वर तोंड करून होल भरताना हवा राहण्याचा धोकाही जास्त. पाइपच्या हँगरला तडा गेलेल्या काँक्रीटसाठी मान्यता असलेला मेकॅनिकल फास्टनर घ्या, होल कोरडं आणि टॉर्क मोजून.

ए-४०४: आमच्या गॅलरीच्या रेलिंगचा रॉल बोल्ट हलतोय. तेवढ्यापुरतं केमिकल सोडून चालेल का?

सी-१०४: नको ताई. आत फुगलेलं शेल आणि त्याच्या मागे भुगा झालेलं काँक्रीट आहे, केमिकल त्या भुग्यालाच चिकटेल. शेल काढा, होल एक माप मोठं आणि खोल करा, ब्रश-पंपाने साफ करून थ्रेडेड रॉड केमिकलने बसवा. कठडा विटांचा निघाला तर जाळीची स्लीव्ह लागेल. होईपर्यंत रेलिंगला टेकू नका, मुलांनाही सांगा.

सेक्रेटरी (ए-२०१): ठेकेदाराला हे सगळं पाठवतो. बोल्ट झाल्यावर पुल टेस्ट (जॅकने बोल्ट ओढून बघणं) मागायची ना?

बी-५०३: हो, कन्सल्टंटने दिलेल्या भाराच्या दीडपट, किमान चार पेडेस्टलवर एकेक बोल्ट, केमिकल पूर्ण कडक झाल्यावर. जॅकचे पाय बोल्टला अगदी खेटून असतील तर काँक्रीट खाली दाबलं जातं आणि फक्त चिकटण्याची परीक्षा होते. सफाई नीट झाली का हे कळायला तेवढं पुरतं, पण त्यावरून पेडेस्टलची ताकद सांगू नका.

सेक्रेटरी (ए-२०१): ठीक. शनिवारी सकाळी ८ ला पाण्याच्या टाकीजवळच्या पेडेस्टलला खाच घेतो. काका, ताई, तुम्ही दोघं या.

सी-१०४: येते. ब्रेकर आणू नका, एक किलोची हातोडी आणि छिन्नी पुरे. सळई दिसली की फोटो काढून त्याच दिवशी खाच नॉन-श्रिंक ग्राउटने भरायची आणि वर वॉटरप्रूफिंगचा वाटा (सांध्यावरची गोलाई) पुन्हा करायचा, नाहीतर पहिल्या पावसाचं पाणी तिथूनच ७०२ च्या छतात उतरेल.