शब्दचर्चा : ‘जीवेत् शरदः शतम्’, ‘अभीष्टचिंतन’ आणि आपल्या हाताने लिहायच्या दोन ओळी

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझ्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन आहे. आणलेल्या शुभेच्छापत्रावर ‘जीवेत शरदः शतम’ असे छापलेले असून खाली मजकुरासाठी जागा कोरी ठेवली आहे. तेथे ‘अभिष्टचिंतन’ लिहावे की ‘अभीष्टचिंतन’? छापील ओळ बरोबर आहे का? आणि जिला मी जन्मभर ‘तू’ म्हणत आलो, तिला कार्डावर ‘आपणास’ लिहावे का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अभि अधिक इष्ट यांचा संधी होऊन ‘अभीष्ट’ हा शब्द होतो, म्हणून ‘भी’ दीर्घच हवी. ‘अभिनंदन’ या शब्दात संधी नसल्यामुळे तेथे ‘भि’ ऱ्हस्व राहते आणि बहुधा त्याच सवयीने ही चूक होते. अर्थही वेगळे आहेत. अभिनंदन घडून गेलेल्या गोष्टीचे, म्हणजे यशाचे करतात. अभीष्टचिंतनात समोरच्या व्यक्तीच्या मनात जे इष्ट आहे ते तिला पुढे मिळावे, असे आपण मनाशी धरतो. त्यामुळे वाढदिवसाला ‘अभीष्टचिंतन’ हाच शब्द अधिक नेमका आहे.

छापील ओळीबद्दल सावकाश बोलले पाहिजे, कारण तिला सरसकट अशुद्ध ठरवणारे थोडी घाई करतात. वैदिक प्रार्थनेत ‘जीवेम शरदः शतम्’ असे आहे, म्हणजे आम्ही शंभर शरद ऋतू जगावे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘शतं जीव शरदो वर्धमानः’ असे आहे, म्हणजे तू वाढत वाढत शंभर शरद जग. ‘जीवेत्’ हे तृतीयपुरुषी रूप असल्याने, समोरच्या माणसाला उद्देशून ते कसे चालेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु संस्कृतात आदराने बोलताना ‘भवान्’ किंवा ‘भवती’ वापरतात आणि त्यांच्याबरोबर क्रियापद तृतीयपुरुषीच येते. तेव्हा ‘भवती’ अध्याहृत धरले, तर आपल्या आत्यांसाठी ‘जीवेत्’ योग्यच आहे. शिवाय ‘जीव’ ही आज्ञार्थी आशीर्वादाची भाषा आहे आणि भाच्याने आत्याला आशीर्वाद द्यायचा नसतो, तिच्याकडून तो घ्यायचा असतो. ओळीत उणे आहेत ती केवळ ‘त्’ आणि ‘म्’ यांची पायमोडकी चिन्हे. ती पेनाने खुशाल घालावीत. आत्यांना आवडेल, असे मला वाटते.

आता कोरी जागा. ‘हार्दिक शुभेच्छा’ या शब्दांत क्रियापद नाही आणि ज्याला लिहायचे तो माणूसही नाही, त्यामुळे ते कोणालाही चालतात. संक्रांतीच्या कार्डावरचे ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ पाहा : त्यात घेणारा आहे, देणाराही आहे, म्हणून ते वर्षानुवर्षे लिहूनही कोरडे वाटत नाही. हाताने लिहायच्या ओळीत म्हणूनच एक तरी पूर्ण वाक्य असावे आणि ते त्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कोणाला लागू पडू नये. जिला समोर ‘तू’ म्हणता तिला कागदावर ‘आपणास’ लिहिले, की तिच्या घरात परके होऊन उभे राहिल्यासारखे होते. आदर ‘तू’मधूनही पोचतो, कारण त्याची जागा मायन्यात आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे ‘तीर्थरूप’ स्वतःच्या आईवडिलांना आणि ‘तीर्थस्वरूप’ त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना लिहीत. आत्यांना दुसरा मायना शोभेल.

पुरवणी प्रश्न : मग मजकूर साधारण कसा असावा?

उत्तर : उदाहरणादाखल असा : ‘तीर्थस्वरूप आत्यास, साष्टांग नमस्कार. सुट्टीत तू अंगणात बसवून पाढे म्हणवून घेतलेस, ते आजही हिशेब करताना तुझ्याच आवाजात आठवतात. तुझी प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि तुझा हात आमच्या डोक्यावर असो.’ यातली आठवण अर्थातच आपली स्वतःची घालावी. ‘राहो’, ‘असो’, ‘लाभो’ ही मराठीची स्वतःची इच्छादर्शक रूपे आहेत आणि ‘शुभेच्छा’ या नामापेक्षा ती कितीतरी जिवंत आहेत.

पाकिटावर सोहळ्याचे नाव लिहिणार असाल, तर ‘सहस्त्र’ नव्हे, ‘सहस्र’ लिहावे. त्यात ‘त’ नाही. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी 29.53 दिवसांचे अंतर धरले, तर हजार पौर्णिमांना सुमारे 80 वर्षे 10 महिने लागतात, म्हणून हा सोहळा एक्याऐंशीच्या सुमारास करतात.