मदत हवी आहे: गाडी लेक चालवते, ब्रेक मी दाबतो

नमस्कार मंडळी. लेकीला लायसन्स मिळून तीन आठवडे झाले. क्लासवाल्यांनी सुरक्षित ड्रायव्हिंगच्या कार्यक्रमात पालकांनाही एक दिवस बोलावलं होतं. मला वाटलं, फॉर्मवर सह्या घेतील आणि सोडतील. पण शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातच अशी केली: शेजारी मोठं माणूस बसलेलं असतं तोवर अपघात कमी होतात, धोका वाढतो तो मूल एकटं चालवायला लागल्यावर, पहिल्या काही महिन्यांत. नेमके तेव्हाच आपण 'मिळालं बुवा लायसन्स' म्हणून मोकळे होतो. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायला सुरुवात केली, तीही याच हिशोबाने.

म्हणून आम्ही लेखी करार केला. सध्या रात्री एकटीने जायचं नाही, गाडीत मित्रमैत्रिणी नाहीत (बरोबरीची पोरं बसली की धोका वाढतो म्हणे, आपलं कॉलेज आठवलं तर पटतं), फोन मागच्या सीटवर. दर महिन्याला एकत्र बसून एकेक अट सैल करायची. लेकीने सही केली आणि खाली पेनाने एक ओळ वाढवली: 'बाबालाही हेच लागू.'

तिथेच फसलो. ताशी ६० किलोमीटरने जाताना दोन सेकंद फोनकडे पाहिलं तर गाडी जवळजवळ ३३ मीटर आंधळी धावते, हे मीच तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी चालत्या गाडीत माझा हात फोनकडे गेला. ती फक्त "तेहेतीस" म्हणाली.

खरी अडचण शेजारी बसण्याची आहे. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की माझा उजवा पाय मॅट दाबतो, हात वरच्या हँडलला जातो आणि तोंडातून 'अगं, अगं!' निघतं. काल तिने गाडी कडेला घेतली, म्हणाली, "बाबा, तू ओरडतोस तेव्हा मी रस्त्याकडे नाही, तुझ्याकडे बघते."

तर, तोंड नक्की कधी उघडायचं? आणि गाडीचा वेग आपल्याला दाखवणारं अ‍ॅप तिच्या फोनवर टाकावं का? बायको हो म्हणते, मला पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद:
दोन पोरांच्या शेजारी बसून झालंय, म्हणून सांगते. तिला दिसतंय ते बोलत चालवायला सांगा: 'बस थांबलीय, पुढून कुणी येईल, वेग कमी करतेय.' तिने काय पाहिलंय ते कळलं की तुमचा पाय आपोआप सुटतो. धोका तिच्या लक्षात आला नसेल तरच बोला, तेही 'अगं' नको, 'ब्रेक' म्हणा. बाकीचं इंजिन बंद झाल्यावर. अ‍ॅप लपवून अजिबात नको. टाकायचंच तर तिघांच्या फोनवर टाका.

धागाकर्ता:
बोलत चालवण्याचं आजच करून बघतो. तिघांच्या फोनवरचं मात्र बायकोला इतक्यात सांगत नाही.