संध्याभाषा की संधाभाषा? (आणि समय, अभिषेक, मंडल)

प्रश्न : वज्रयानाबद्दल, म्हणजे बौद्ध तंत्रमार्गाबद्दल, वाचताना त्यातल्या सांकेतिक भाषेला कुठे 'संध्याभाषा' असं छापलेलं दिसतं, कुठे 'संधाभाषा'. बरोबर कोणतं? शिवाय 'समय पाळणे' म्हणजे वेळ पाळणे नव्हे, एवढं संदर्भावरून कळतं. मग नेमकं काय?

उत्तर : पोथ्यांत दोन्ही रूपं येतात, त्यामुळे एकावर काट मारता येणार नाही. वाद आहे तो अर्थाचा.

हरप्रसाद शास्त्रींना १९०७ साली नेपाळच्या दरबार ग्रंथालयात चर्यापदांची (बौद्ध सिद्धांच्या जुन्या गूढ पदांची) पोथी मिळाली आणि १९१६ साली ती वंगीय साहित्य परिषदेतर्फे छापून आली. त्यांनी 'संध्या' हा शब्द संध्याकाळ या अर्थाने घेतला : थोडा उजेड, थोडा अंधार, थोडं कळणारं, थोडं न कळणारं बोलणं. पुढे विधुशेखर शास्त्रींनी हा अर्थ खोडून काढला. मूळ शब्द 'संधा', त्याचा संबंध 'संधाय'शी, म्हणजे मनात विशिष्ट अभिप्राय धरून बोलणं. सद्धर्मपुंडरीकासारख्या महायान सूत्रांत तो याच अर्थाने येतो, आणि तिबेटी भाषांतरांतही 'अभिप्रायाची भाषा' असाच शब्द योजलेला आहे.

मला विधुशेखरांचं पटतं, आणि त्याचं कारण हेवज्रतंत्र या वज्रयानाच्या प्रमुख ग्रंथातच आहे. तिथे या भाषेची चक्क यादी दिली आहे. मद्याला 'मदन', मांसाला 'बल', मीलनाला 'मलयज', डमरूला 'कृपीट', वज्राला 'बोल', पद्माला 'कक्कोल'. ज्या भाषेची किल्ली तंत्रातच लिहून ठेवली आहे, तिला धूसर कसं म्हणायचं? ती दीक्षितांसाठी अगदी स्पष्ट आहे, बाहेरच्यांसाठी बंद आहे.

पण यातून एक घाईही होते. कान्हपा या सिद्धाचं प्रसिद्ध चर्यापद घ्या : 'नगर बाहिरि रे डोम्बि तोहोरि कुडिआ'. अगं डोंबी, नगराबाहेर तुझी खोपी. ('कुडिआ' मराठी कानाला लगेच ओळखू येतो, आपल्या 'कुडी'त झोपडीही आहे आणि देहही.) चर्यापदांवरची मुनिदत्ताची संस्कृत टीका सांगते की डोंबी म्हणजे नैरात्मा (देवीरूपातलं 'मी नाही' हे ज्ञान), शुद्ध झालेली अवधूती, म्हणजे देहातली मधली नाडी. टीका वाचली की अनेक जण वरचा अर्थ टाकूनच देतात. तसं करू नये. नगराबाहेरची ती स्त्री, तिची जात, पुढच्याच ओळीत तिला शिवून शिवून जाणारा बामण, हे सगळं खरं आहे म्हणून तर ते पद बोचतं. जिला वस्तीत जागा नाही तिच्याच नावाने कान्हपा सर्वोच्च ज्ञानाला हाक मारतो. दोन्ही अर्थ एकाच वेळी धरले तरच पद हाती लागतं.

आता 'समय'. हेवज्रतंत्र संध्याभाषेला 'समयसंकेतविस्तर' म्हणतं, आणि अभिषेक (तंत्रातली दीक्षा) झालेला साधक या भाषेत बोलला नाही तर तो समयाचा द्रोह, असं बजावतं. म्हणजे तुमचे दोन्ही प्रश्न तिथे एकत्र येतात. सम् + इ, एकत्र येणं. त्यावरून ठराव, करार, संकेत. आपल्याकडे काव्यचर्चेत 'कविसमय' म्हणतात तो हाच. तंत्रात समय म्हणजे अभिषेकाच्या वेळी गुरू, देवता आणि शिष्य यांच्यात बांधला गेलेला शब्द. 'शब्द दिला', 'शब्दाला जागला' यातला 'शब्द' हा मला सर्वांत जवळचा मराठी प्रतिशब्द वाटतो. 'व्रत' चालेल, पण व्रत एकट्याने घेता येतं, समय एकट्याचा नसतो. 'समयसत्त्व' मात्र तसंच ठेवावं : साधकाने ध्यानात उभी केलेली देवता ती समयसत्त्व, आणि तिच्यात येऊन मिसळते ती ज्ञानसत्त्व.

प्रश्न : मग अभिषेक? डोळ्यांसमोर पिंडीवरची संततधार येते.

उत्तर : पिंडी बाजूला ठेवा, राज्याभिषेक आठवा. पहिल्या कलशाभिषेकात उदक, मुकुट, वज्र, घंटा आणि नाम असे टप्पे आहेत : डोक्यावर पाणी, मग मुकुट, शेवटी नवं नाव. साधनेचा अधिकार त्यातून मिळतो. तिबेटी 'वांग' या शब्दाचाही अर्थ अधिकार, सामर्थ्य असाच. त्यापुढे गुह्य, प्रज्ञाज्ञान आणि 'चतुर्थ' असे तीन अभिषेक येतात. शेवटच्याला नुसतं 'चौथा' म्हणून सोडून दिलं आहे, तेही मुद्दामच असावं.

पुरवणी : 'मंडल', म्हणजे देवतांच्या मांडणीची आकृती, राहिलं. हेवज्रतंत्र त्याचा अर्थ 'सार' असा देतं, जे सार ग्रहण करतं ते मंडल. तिबेटीत 'क्यिल्खोर', केंद्र आणि त्याभोवतीचा परीघ. रंगीत वाळूची चित्रं बघून हे कळायला वेळ लागतो. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, तीन तालात, भिंतीवर नऊ चौकटींचा एक पट कोरला आहे : मधल्या घरात बुद्ध, भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. गाइड तिथे सहसा थांबत नाहीत, आपण थांबावं. लिहिताना या अर्थी 'मंडल' असं ल ठेवून लिहिलेलं बरं. 'मंडळ' म्हटलं की गणपती किंवा वीजबिल आठवतं.