मदत हवी आहे: मुलाचा खेळायचा पिठाचा गोळा दमट हवेत चिकट होतोय
मुंबईतला मे, दुपारी १२ ते ४ घरातच. आजींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, नातू २ वर्षांचा, हाती लागेल ते तोंडात. म्हणून दोघांच्या खेळातून राजमा-वाटाणे निवडणं बाद, घशात अडकतात. परातीत वाट्यांनी पाणी ओतायला तो रमतो, पण लादी निसरडी होते आणि आजी पडायची भीती.

उरला टेबलावरचा गोळा: २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी, चमचाभर तेल. दमट हवेत मीठ पाणी ओढतं, संध्याकाळपर्यंत लगदा! शिवाय एवढं मीठ पोटात जायला नको. बिनमिठाची कणीक फ्रिजमध्येही काळी पडते. एसी नाही.

बिनमिठाचा, चुकून खाल्ला तरी चालणारा, दोन दिवस टिकणारा गोळा कशाचा आणि कोणत्या प्रमाणात करता?